पुरावा कोणी मागायचा? (ब्लेड रनर, चिट्टी आणि आमचं ऐरोलीतलं ऑफिस)

ट्रान्सहार्बरवाली | रविवार, रात्री ११:२०

मंडळी, वर्षभर नुसती वाचनमात्र होते. आज राहवलं नाही म्हणून धागा काढतेय. सिनेमातलं मला फार कळत नाही, सांभाळून घ्या.

मी ऐरोलीत एका कॉल सेंटरमध्ये क्वालिटीला आहे. फोन मी घेत नाही. पोरापोरींनी घेतलेले फोन हेडफोन लावून ऐकते आणि गुण देते. आमच्या शीटमध्ये एक रकाना आहे, एम्पथी. समोरच्याने गाऱ्हाणं सांगितलं की ‘तुम्हाला झालेला त्रास मी समजू शकते’ अशा धाटणीचं एक वाक्य पडलंच पाहिजे. पडलं तर पाच, नाही पडलं तर शून्य, मधलं काही नाही. ते मनापासून म्हटलं की जांभई देत, याला रकाना नाही. आणि दोन्हीकडून बराच वेळ कोणी बोललं नाही तर त्याला आम्ही ‘डेड एअर’ म्हणतो. त्याचे गुण वेगळे कापायचे. आठ वर्षं हेच करतेय.

काल रात्री नवऱ्याने हट्टाने ‘ब्लेड रनर’ लावला. १९८२चा, रिडली स्कॉटचा. कथा घडते नोव्हेंबर २०१९मध्ये. म्हणजे त्यांच्या त्या भविष्यकाळात मी ठाणे-वाशी गाडीच्या दारात लटकत ऐरोलीला जात होते. उडत्या गाड्या काही दिसल्या नाहीत.

तर त्यात रेप्लिकंट आहेत. दिसायला माणसासारखे, राबवायला बनवलेले, चार वर्षांत मरणारे. पृथ्वीवर यायला त्यांना बंदी. आलेच तर ओळखायचे कसे? डोळ्यावर यंत्र रोखायचं, प्रश्न विचारायचे आणि बाहुली कशी हलते ते बघायचं. प्रश्न असे: वाळवंटात कासव उताणं पडलंय, उन्हात पोट भाजतंय, पाय झाडतंय, आणि तू त्याला सुलटं करत नाहीयेस. का? कळवळा दिसला तर माणूस. नाही दिसला तर गोळी.

मी ताडकन उठून बसले. म्हटलं, अरे, हे तर माझं काम! नवरा म्हणाला, गप्प बस, पुढे बघ.

पुढे बघितलं. परीक्षा घेणारा डेकार्ड पळत्या बाईला पाठीत गोळ्या घालतो. त्याची परीक्षा कोणी घेत नाही. आणि शेवटी तोच गच्चीच्या कडेला लोंबकळत असतो तेव्हा मनगट धरून त्याला वर कोण ओढतं? रॉय, तोच रेप्लिकंट, ज्याला मारायला हा निघालेला.

माझं मत सांगते, पटलं नाही तर खुशाल खोडा. यंत्र माणूस होईल का, हा या सिनेमांचा विषयच नाही. माणूस असल्याचा पुरावा कोणी मागायचा आणि कोणी द्यायचा, हा आहे. तुम्हाला काय वाटतं? असे आणखी कुठले सिनेमे?

कडक_चहा | रविवार, रात्री ११:३१

मी पयला!

आत्ताच लॉगिन करताना मला ‘झेब्रा क्रॉसिंग असलेले चौकोन निवडा’ आलं. मी राहतो घोडबंदर रोडला. झेब्रा क्रॉसिंग म्हणजे काय हे मला चित्रावरूनच माहीत. दोनदा नापास झालो. कळावे, आपला नम्र, रेप्लिकंट.

तलावपाळी | सोमवार, सकाळी ६:०५

ताई, धागा आवडला. मी जरा शब्दापासून सुरुवात करतो. आमच्या पिढीला शब्दाचं मूळ सापडल्याशिवाय जेवण जात नाही.

कारेल चापेक हा चेक लेखक. त्याचं ‘आर. यू. आर.’ हे नाटक १९२०चं, प्रागमध्ये रंगमंचावर आलं जानेवारी १९२१मध्ये. रोबो हा शब्द तिथून जगभर गेला. तो सुचवला त्याच्या भावाने, योसेफने. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे जमीनदाराकडे सक्तीने राबणं. मराठीत याला नेमका शब्द घरातच आहे: वेठ. रोबो म्हणजे वेठबिगार! आणि आपण प्रतिशब्द काय केला? यंत्रमानव. वेठ काढून टाकली आणि मानव घातला. केवढा सोवळा शब्द! गंमत म्हणजे चापेकचे रोबो पत्र्याचे नव्हतेच, मांसासारख्या द्रव्यातून घडवलेले होते. पत्रा नंतर चढला. १९२७च्या ‘मेट्रोपोलिस’मधली धातूची बाई पाहिली असेल, नसेल तर जरूर बघा. ब्रिगिटे हेल्मने खरी मारिया आणि यंत्राची मारिया, दोन्ही कामं केली आहेत. मूकपट आहे, शेजाऱ्यांना त्रास नाही.

आता आपल्या ठाण्याचं. पालघर जिल्हा वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ला. त्याआधी तलासरी, डहाणू हे सगळं ठाणे जिल्ह्यातच. तिथल्या वारल्यांना जमीनदार वेठीला धरत. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको दोघं सावकाराच्या दारात बांधली जात, कित्येकदा जन्मभर. त्यांना म्हणत लग्नगडी. १९४५ साली ही माणसं उठली. गोदावरी परुळेकरांनी त्यावर पुस्तक लिहिलं, त्याचं नाव ‘जेव्हा माणूस जागा होतो’. ठाणे मराठी ग्रंथसंग्रहालयातून आणून मी ते कॉलेजात असताना वाचलं होतं. आता या नावाचा रोबोपट उद्या निघाला तर कोणाला शंका येईल का, सांगा.

म्हणून ताई, तुमचं पटतं, फक्त एक पाऊल पुढे टाकतो. पुरावा मागतो तो राबवून घेणारा. लग्नगड्याला माणूस म्हटलं की त्याला मजुरी द्यावी लागते.

बेलापूरचा_किल्लेदार | सोमवार, सकाळी ९:४०

थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा.

रॉयचं काम केलंय रुटगर हाउअरने. हाडामांसाचा, देखणा माणूस. तो पावसात भिजत मरतोय म्हटल्यावर डोळ्यांत पाणी येणारच. त्याच्या जागी वॉशिंग मशीन ठेवा आणि तेच संवाद वाजवा. रडाल? दिग्दर्शक आधी माणूस घेतो, त्याच्यावर ‘यंत्र’ अशी चिठ्ठी चिकटवतो, आणि मग आपण ‘अरेच्चा, यंत्रात माणूस सापडला’ म्हणून टाळ्या पिटतो. ठेवला तोच सापडला!

महाप्याला २२ वर्षं मशिनींवर काढली. एकीनेही रॉयसारखं मरताना हातातलं कबुतर सोडलं नाही. बेअरिंग जातं, आवाज करते, बंद पडते. बस्स.

ट्रान्सहार्बरवाली | सोमवार, दुपारी १:१५

किल्लेदार, चिठ्ठीचा मुद्दा भारी आहे. पण मी तेच तर म्हणतेय. चिठ्ठी चिकटवली की माणसाची वस्तू होते, इतकं सोपं आहे ते.

आणि खंडेनवमीला तुमच्या शॉपमध्ये मशिनीला हार घालता की नाही? खरं सांगा.

बेलापूरचा_किल्लेदार | सोमवार, दुपारी १:५०

घालतो. हळदकुंकू लावतो, पेढा ठेवतो, त्या दिवशी चालवत नाही. पण ती मशिनीला माणूस समजून नाही. थोडी कृतज्ञता आणि थोडी भीती. पॉवर प्रेसखाली वर्षभर आपल्याच पोरांचे हात असतात. हार घालताना मी मनात हातच मोजतो.

कडक_चहा | सोमवार, दुपारी २:०२

मशिनीला वर्षातून एक सुट्टी आणि वर पेढा. आमच्या एचआरला हा धागा पाठवतो.

शेवंती | सोमवार, रात्री १०:४५

मला परीक्षेपेक्षा रेचलचं लागलं. आपण रेप्लिकंट आहोत हे तिला ठाऊकच नसतं. शंभरावर प्रश्न विचारावे लागतात तेव्हा कुठे कळतं. मग ती पुरावा म्हणून आईबरोबरचा लहानपणीचा फोटो घेऊन येते, आणि डेकार्ड तिला तोंडावर सांगतो की या आठवणी तुझ्या नाहीतच, मालकाच्या नात्यातल्या दुसऱ्या मुलीच्या आहेत.

माझी आई ८१ वर्षांची. स्मृतिभ्रंश आहे. आम्ही नौपाड्यात राहतो. गेलं वर्षभर ती एकच गोष्ट सांगते. कळव्याच्या घरी विहिरीत पडले होते. शेवाळावरून पाय घसरला, बादलीचा दोर धरून राहिले, नाकातोंडात पाणी गेलं. सांगताना उजवी मूठ अशी आवळते की सुटत नाही. भरवायला बसले की आधी तिची बोटं एकेक करून सोडवते, मग वाटी पुढे करते.

विहिरीत पडली होती माझी मावशी. आई काठावर उभी होती, सात वर्षांची. मावशी हयात होती तोवर ही गोष्ट मावशीची होती, प्रत्येक लग्नात सांगायची. ती गेली आणि काही वर्षांनी गोष्ट आईकडे आली. डॉक्टर म्हणाले, दुरुस्त करू नका. मी एकदा केली होती. ‘आई, तू नव्हतीस गं, मावशी होती.’ तेव्हा तिने जसं पाहिलं ना माझ्याकडे, तो चेहरा मला परवा रेचलच्या जागी दिसला. मी सिनेमा तिथेच बंद केला. अजून पुरा बघितलेला नाही.

आठवण उसनी, कबूल. मूठ कोणाची?

बेलापूरचा_किल्लेदार | सोमवार, रात्री ११:१०

शेवंतीताई, माझ्याकडे उत्तर नाही. काळजी घ्या.

मी_पण_आहे | मंगळवार, सकाळी ८:२०

वाखुसा (वाचनखूण साठवली). पण बघायचा कुठला? मला तीन वेगवेगळ्या प्रती दिसतायत.

तलावपाळी | मंगळवार, सकाळी ८:५५

२००७चा ‘फायनल कट’ बघा. १९८२च्या मूळ प्रतीत हॅरिसन फोर्डचं कंटाळवाणं निवेदन आहे आणि शेवट गोड केलाय, शिरा खाल्ल्यावर वर साखर भुरभुरावी तसा. १९९२च्या प्रतीत ते दोन्ही काढलं. आणि हो, रॉयच्या मरतानाच्या बोलण्यातलं अश्रू आणि पावसाचं वाक्य हाउअरने स्वतः घातलेलं आहे. तो गेला जुलै २०१९मध्ये, सिनेमातला रॉय मरतो त्याच साली.

घणसोलीचा_घोळ | मंगळवार, दुपारी ३:३०

सगळे विलायती सिनेमेच घेऊन बसलात. शंकरचा ‘एंदिरन’ विसरलात? २०१०चा, हिंदीत ‘रोबोट’. लोकांनी फक्त रजनीकांतची मारामारी आणि ऐश्वर्याची गाणी बघितली.

त्यातला आगीचा प्रसंग आठवा. इमारत पेटलीये, चिट्टी, म्हणजे त्यातला रोबो, एकेकाला बाहेर काढतोय. एक मुलगी न्हाणीघरात अडकलीये. तो तिला आहे त्या अवस्थेत उचलून आणतो, बघ्यांच्या आणि कॅमेऱ्यांच्या समोर. ती लाजेने पळत सुटते आणि गाडीखाली जाते. चिट्टीला कळतच नाही आपलं काय चुकलं. मग शास्त्रज्ञ त्याला भावना शिकवायला घेतो.

म्हणजे आपल्याकडे परीक्षा कळवळ्याची नाहीच. कळवळ्याच्या कामात चिट्टीला पैकीच्या पैकी, जीव वाचवला त्याने. तो नापास झाला अब्रूच्या पेपरात. हे बरं की वाईट, मला ठरवता येत नाही. सिनेमा म्हणतो चूक यंत्राची. मी म्हणतो, आगीतून निघालेल्या पोरीवर कॅमेरे धरणारी माणसं होती. त्यांच्यात कोणी चिप बदलली नाही.

शेवटी तो संग्रहालयात सुटा करून ठेवलेला असतो. शाळेतली मुलगी विचारते, तुला का मोडलं? तर म्हणतो, विचार करायला लागलो म्हणून. पोरं तिथे शिट्ट्या मारत होती, मी मात्र गार.

तलावपाळी | बुधवार, सकाळी ६:२०

घोळ, लाजेचा मुद्दा डोक्यात राहिला. त्यावरून एक कबुलीजबाब देतो.

मुलगा-सून परदेशी. दिवाळीला आले तेव्हा दिवाणखान्यात एक बोलका स्पीकर बसवून गेले. रात्री ९ वाजता तो विचारतो, ‘बीपीची गोळी घेतली का?’ मी ‘हो’ म्हटलं की गप्प बसतो. त्या ‘हो’ची नोंद मुलाच्या मोबाईलवर जाते. आता सांगतो, आठवड्यातून दोनदा तरी मी घेतलेली नसते आणि तरी ‘हो’ म्हणतो. तेच सुनेने फोनवर विचारलं असतं तर जीभ अडखळली असती. उठलो असतो, गोळी घेतली असती, मग ‘हो’ म्हटलं असतं. स्पीकरला खोटं सांगताना मला काही म्हणजे काही वाटत नाही.

२०१९चा एक मल्याळम सिनेमा आहे, ‘अँड्रॉइड कुंजप्पन’. पय्यन्नूरकडचा म्हातारा, मुलगा रशियात, सांभाळायला रोबो. म्हातारा आधी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही आणि नंतर त्याला सदरा-मुंडू नेसवून गावभर मिरवतो. कुंजप्पन माझ्याकडे असता तर त्याच्याशी खोटं बोलता आलं असतं का, हे मी दोन दिवस घोळवतोय. मला वाटतं, सदरा घातल्यावर नसतं आलं.

कडक_चहा | बुधवार, सकाळी ७:१२

काका, थट्टा नाही, गोळी घ्या. स्पीकरला सदरा मी आणून देतो.

उथळसर_नाका | बुधवार, दुपारी १२:४०

नोव्हेंबर २०१९ वाचलं आणि मला पेन्शनवाल्यांचा नोव्हेंबर आठवला.

वडील ८४. सरकारी छापखान्यात कंपोझिटर होते, छपाईसाठी अक्षरांचे खिळे जुळवायचे. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा, म्हणजे आपण जिवंत आहोत हे दाखवायचं. पूर्वी बँकेत समोर बसून सही केली की काम व्हायचं. २०१४पासून तो डिजिटलही देता येतो. अंगठा लावा म्हणाले. अंगठा लागेना. जन्मभर खिळे जुळवून बोटांच्या रेषाच गेल्यात. दुसरं बोट, तिसरं बोट, दहाही झाली. काउंटरवरची मुलगी चांगली होती, ओला रुमाल दिला, बोटं पुसून परत लावली. नाहीच.

मग कोणीतरी म्हणालं, मोबाईलवर चेहऱ्याने होतं. घरी येऊन लावलं. चेहरा गोलात धरा, डोळे मिचकवा. वडील मिचकवतात, पण सावकाश. मोतीबिंदूची दोन ऑपरेशनं झालेली. मोबाईलला ते मिचकावणं पटत नव्हतं. ते आणखी जोर लावून मिचकवायचे, त्यात कपाळ आक्रसायचं, की चेहरा गोलाबाहेर. सातव्या खेपेला मोबाईल बाजूला करून मला म्हणाले, ‘अरे, त्याला सांग ना, मी आहे म्हणून.’

झालं शेवटी, अकराव्या वेळी. सिनेमातही डोळाच बघतात म्हणालात म्हणून लिहिलं.

बेलापूरचा_किल्लेदार | बुधवार, रात्री ९:०५

उथळसर, तुमच्या वडिलांचं वाक्य दिवसभर डोक्यातून गेलं नाही. थोडा मागे हटतो. पूर्ण नाही.

ट्युरिंगने १९५०मध्ये एक हुशारी केली. यंत्राला विचार करता येतो का, हा प्रश्न त्याने बाजूला ठेवला आणि नुसत्या लेखी सवालजबाबावरून माणूस कोणता, यंत्र कोणतं हे ओळखता येतं का, असा खेळ मांडला. आम्हा इंजिनिअर लोकांना हे आवडतं. आत काय आहे ते सोडा, बाहेर काय येतंय ते मोजा. पण मोजायला माणूस बसेल हे त्यात गृहीत होतं. तुम्ही सगळे जे लिहिताय त्यात मोजणारं यंत्र आहे आणि घाम माणसाला फुटलाय.

‘एक्स माकिना’ (२०१४) बघा. यंत्राची परीक्षा घ्यायला आलेला तरुण एका रात्री आरशासमोर ब्लेडने स्वतःचाच हात चिरतो, आत रक्त आहे की वायर ते बघायला. तेव्हा मला तो प्रकार ओढूनताणून आणलेला वाटला होता.

वॉशिंग मशीनचा मुद्दा मात्र सोडत नाही.

ट्रान्सहार्बरवाली | गुरुवार, रात्री १२:१०

सगळ्यांचे आभार. इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. एक गोष्ट पहिल्या पोस्टमध्ये लिहायची टाळली होती, ती आता लिहिते.

किल्लेदार, ‘हर’ (२०१३) पाहिलाय का? नायक एका सॉफ्टवेअरच्या प्रेमात पडतो हे सगळ्यांना लक्षात राहतं. त्याची नोकरी कोणी लक्षात ठेवत नाही. तो लोकांसाठी पत्रं लिहून देतो. नवऱ्याच्या वतीने बायकोला, मुलाच्या वतीने आजीला, अगदी हस्ताक्षरातली वाटतील अशी. भाड्याचा जिव्हाळा. नंतर ती सॅमांथा त्याला सांगते की मी याच वेळी आणखी ८,३१६ जणांशी बोलतेय आणि त्यातल्या ६४१ जणांवर माझं प्रेम आहे, तेव्हा तो कोसळतो. मला त्याची दया नाही आली. म्हटलं, बाबा, तूही रोज हेच करतोस की!

आता आमच्याकडचं. गेल्या महिन्यात कंपनीत नवं सॉफ्टवेअर चाचणीला आलं. आम्ही एका एजंटचे महिन्याला पाच-सहा कॉल ऐकतो, ते सगळेच्या सगळे ऐकतं आणि गुण देतं, एम्पथीचेसुद्धा. मी दिलेले गुण आणि त्याने दिलेले गुण शेजारी ठेवून जुळतात का ते बघायचं होतं.

त्यात एक कॉल होता. एक आजोबा. बायकोच्या नावावरचं कनेक्शन बंद करायचं होतं. आमची मुलगी नियमाप्रमाणे म्हणाली, खातेदाराशी बोलावं लागेल, मॅडम आहेत का? ते म्हणाले, ‘ती गेली.’ मग कोणीच बोलत नाही. पलीकडे पंखा वाजतोय, कुठेतरी कुकरची शिट्टी होते. त्यांचा श्वास ऐकू येतो. एकवीस सेकंद. मग ही अगदी हळू म्हणते, ‘काका, सावकाश. मी लाइनवर आहे.’

शीटप्रमाणे हे एम्पथीचं वाक्य नाही. ‘समजू शकते’ नाही, ‘त्रासाबद्दल’ नाही. सॉफ्टवेअरने दिलं एम्पथीला शून्य आणि एकवीस सेकंदांचे डेड एअरचे गुण कापले.

मी काय दिलं होतं? तेच. सॉफ्टवेअरच्या दोन दिवस आधी. शून्य, आणि डेड एअर वजा. चाचणीच्या मीटिंगमध्ये हा कॉल पडद्यावर दाखवला, गुण तंतोतंत जुळले म्हणून.

शेवंती | गुरुवार, सकाळी ७:३०

गुण बदलता येत नाहीत का?

ट्रान्सहार्बरवाली | गुरुवार, सकाळी ८:१५

सात दिवसांत डिस्प्यूट टाकता येतो. पण तो एजंटने टाकायचा असतो, क्वालिटीवाल्याला ते बटणच नाही. तिने टाकला नव्हता.

बेलापूरचा_किल्लेदार | गुरुवार, सकाळी ८:४०

तिला विचारलंत?

ट्रान्सहार्बरवाली | गुरुवार, रात्री ११:५५

आज विचारलं, कॅन्टीनमध्ये. गडबडीत होती, वडापाव हातात घेऊनच बोलली. ‘कुठला कॉल, मॅम?’ मी सांगितलं, ते आजोबा, बायकोच्या नावावरचं कनेक्शन. तिने आठवून पाहिलं. आठवला नाही. दिवसाला सत्तर कॉल घेते ती.